खोतांच्या घोड्याचा एक पाय

एका गावात एक भोळा इंजिनिअर होता. आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअर आणि भोळा, हे कसं जमलं? जमतं हो. कॉलेजात चार वर्षं सगळं शिकवतात, फक्त शहाणपणाचा पेपर तेवढा नसतो. असता तर सुकुमार मगदूम त्यातही पहिला आला असता, कारण पाठांतर पक्कं.

सुकुमार ढ नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. आळशी तर मुळीच नव्हता. सांगितलेलं काम करायचा. सांगितलेलंच करायचा. आणि सांगितलं तसंच करायचा. असा माणूस मिळावा म्हणून मालक लोक देवाला नवस बोलतात. शेडबाळे सरांना तो नवस न बोलताच मिळाला होता.

शेडबाळे सर म्हणजे त्याचे मालक. आधी ते पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. पंधरा वर्षं शिकवून शिकवून विटले आणि एके दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर राजीनामा ठेवून म्हणाले, "आता मी स्वतःचं काहीतरी करणार." प्राचार्य म्हणाले, "करा, करा. तुमची जागा रिकामीच ठेवतो." ते वाक्य सरांच्या मनात जे रुतून बसलं ते निघेचना. काही झालं तरी परत त्या फळ्यासमोर उभं राहायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांना या जगात हवी होती.

त्यांनी पंचगंगेच्या काठी हिंगणोळी गावात खताच्या दुकानावरची खोली घेतली, दोन कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर 'शेडबाळे डिझाइन्स' अशी पाटी लावली. वर्षभर त्या ऑफिसात हालचाल म्हणाल तर पाटीचीच, ती पण वाऱ्याने. मग एक दिवस आप्पासो खोत जिना चढून आले.

खोतांचं गुऱ्हाळ होतं. गुऱ्हाळात उसाचा रस भल्या मोठ्या काहिलीत उकळतात आणि गूळ होत आला की ती रटरटणारी काहील चुलाणावरून उतरवून शेजारच्या वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या हौदात, ओततात. उतरवतात म्हणजे काय, बांबू घालून सहा-आठ गडी जोर लावतात. गेल्या हंगामात एकाचा हात सुटला, काहील कलंडली आणि खोतांच्या गुळव्याचे, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराचे, दोन्ही पाय भाजले.

"चार म्हैनं घरात पडून होता त्यो," खोत म्हणाले. "मला असं कायतरी करून द्या, की माणसानं त्या काहिलीला हात लावाय नको."

सरांनी डोकं लढवलं. चुलाणाच्या दोन्ही अंगांना चार पायांवर उभी राहणारी लोखंडी चौकट, तिच्या माथ्यावर साखळीची कप्पी. साखळी ओढली की काहील वर, ढकलली की वाफ्यावर. कागदावर काढलेलं बघून खोत म्हणाले, "घोडाच की ह्यो." तेव्हापासून त्याचं नाव घोडा पडलं.

"माझा घोडा नीट झाला तर नदीकाठची आणखी अकरा गुऱ्हाळं घोडा घेतील," खोत म्हणाले. "आणि न्हाई झाला तर..."

"होईल, होईल," सर घाईघाईने म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर फळा आला होता.

आता हा घोडा लोखंडात करायच्या आधी कॉम्प्युटरवर करून बघायचा असतो. कॉम्प्युटरमध्ये चित्र काढलं की तो त्याच्या प्रत्येक बाजूला आपला आपणच एक नंबर देतो, गल्लीतल्या घरांना असतो तसा. मग आपण माऊसने बाजू निवडून त्याला सांगायचं की ही बाजू जमिनीला बांधलेली आहे, हिच्यावर वजन येणार, हिला जाळ लागणार. कॉम्प्युटर गणित करतो आणि चित्र रंगवून देतो. निळं म्हणजे टिकेल, लाल म्हणजे मोडेल. आता एकेक बाजू निवडत बसायचा माणसाला कंटाळा येतो, म्हणून एकदा निवडलेल्या बाजू कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करायची सोय असते. आळशी माणसांसाठी केलेली सोय कष्टाळू माणसाच्या हातात पडली की काय होतं, ते ऐका.

सर म्हणाले, "सुकुमार, मागे आपण पाण्याच्या मोटरीचं स्टँड काढलं होतं. त्याचे जमिनीला टेकणारे चार तळवे मी निवडून ठेवलेत. ती निवड कॉपी कर आणि घोड्यात पेस्ट कर. जशीच्या तशी."

"जशीच्या तशी, सर?"

"जशीच्या तशी. समजलं?"

"समजलं, सर." आणि त्याला खरंच समजलं होतं. दुखणं तेच होतं.

मोटरीच्या स्टँडचे तळवे म्हणजे चार, नऊ, तेरा आणि बावीस नंबरच्या बाजू. सुकुमारने चार, नऊ, तेरा आणि बावीस उचलले आणि घोड्यात नेऊन टाकले. घोड्यात चार आणि नऊ नंबरला होत्या माथ्यावरच्या आडव्या तुळया, तेराला कप्पीचा हुक आणि बावीसला 'शेडबाळे डिझाइन्स' असं लिहिलेली नावाची पट्टी. त्या चार ठिकाणी घोडा घट्ट बांधला गेला आणि पाय राहिले मोकळे. कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. तोही सुकुमारच्याच वळणाचा, सांगितलं तेवढं करणारा.

चित्र निळंशार आलं. निळं दिसलं की शेडबाळे सर पुढचं काही बघायचे नाहीत. हाही भोळेपणाच म्हणायचा, पण मालकाच्या भोळेपणाला विश्वास म्हणतात. त्यांनी मोठ्या हौसेने खोतांना बोलावलं आणि घोड्यावर वजन आलं की काय होतं ते पडद्यावर हलवून दाखवलं.

खोत बराच वेळ निरखून बघत राहिले. मग म्हणाले, "शेडबाळे, ह्याचं पाय हवेत झुलाय लागल्यात."

सरांनी चष्मा पुसून घातला. पाय झुलत होते.

"मग ह्यो बांधलाय कशाला?" खोतांनी विचारलं.

"नावाच्या पट्टीला, साहेब," सुकुमार म्हणाला.

"आणि पट्टी कशाला बांधलीया?"

"पट्टी घोड्याला."

खोतांनी टोपी काढली, परत घातली. "माझ्या गुऱ्हाळावर पत्रा हाय आणि पत्र्यावर आभाळ. दोघांतलं कोण घोडा धरून बसणार तेवढं ठरवा, मग मला बोलवा," असं म्हणून ते जिना उतरून गेले.

सरांनी डोक्याला हात लावला. "अरे बाबा, नंबर चित्राचित्रात बदलतात. तिथला चार म्हणजे इथला चार नव्हे. आकड्यांवर अजिबात जाऊ नकोस. डोळ्यांनी बघायचं आणि दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा. समजलं?"

"समजलं, सर."

सुकुमारने डोळ्यांनी बघून घोड्याचे तळवे निवडले आणि घोडा जमिनीवर आला. सरांना हायसं वाटलं. आता खोतांना परत तोंड दाखवायचं तर हातात काहीतरी हवं, म्हणून त्यांनी घोड्याचं ड्रॉइंग कागदावर छापलं आणि सुकुमारबरोबर महाबूब मिस्त्रींकडे पाठवलं. महाबूब मिस्त्री म्हणजे त्या भागातले नावाजलेले वेल्डर. हात सोन्याचा आणि जीभ कानशीसारखी.

वाटेत सुकुमारने कागद उलगडून बघितला आणि त्याला घाम फुटला. कागदभर आकडेच आकडे. बारा फूट, नऊ फूट, चार इंच, सहा सूत. सकाळी सर म्हणाले आकड्यांवर जाऊ नकोस, आणि दुपारी स्वतःच एवढे आकडे लिहून बसले. माणूस थकला की विसरतो. सुकुमारला सरांची दया आली. तो एका पानपट्टीच्या बाकावर बसला, व्हाइटनरची बाटली काढली आणि एकेक आकडा मन लावून पुसून टाकला. मिस्त्रींना कागद देताना म्हणाला, "चाचा, आकड्यांवर जायचं नाही. डोळ्यांनी बघायचं आणि दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा. सरांनी सांगितलंय."

"सरांनी सांगितलंय व्हय?" मिस्त्री म्हणाले. "मग ऱ्हायलं."

पाच दिवसांनी मिस्त्री ऑफिसात आले. हातात बाजाराची पिशवी. पिशवीतून त्यांनी एक वस्तू काढली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. वीतभर उंचीची, चार पायांची.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"घोडा."

"एवढासा?"

"कागदावर जेवढा दिसला तेवढा. फूटपट्टी लावून केलाय, एक सूत इकडचं तिकडं न्हाई. काहील कुठं हाय तुमची? आणा, उचलून दावतो."

सरांनी चहा मागवला. त्या घोड्यावर चहाची किटली मात्र छान बसली. मिस्त्री चहा पिऊन गेले आणि जाताना म्हणाले, पुढच्या वेळी गुऱ्हाळच मुंग्यांचं बघा.

"सुकुमार," सर दातओठ खात म्हणाले, "मी जे देतो त्यातलं काही काढायचं नाही, पुसायचं नाही, गाळायचं नाही. आहे ते सगळंच्या सगळं घ्यायचं. एकसुद्धा सोडायचं नाही. समजलं?"

"समजलं, सर."

आकडे परत कागदावर आले. मिस्त्रींना हात जोडून झाले. आता राहिलं जाळाचं. काहिलीखाली भडका असतो, तो घोड्याला कितपत झेपेल ते बघायला हवं होतं. सर म्हणाले, "काहिलीचं आणि घोड्याचं चित्र तुला देतो. जाळ लागणाऱ्या बाजू निवड आणि गणित लाव." आणि ते मिस्त्रींची समजूत काढायला परत निघून गेले.

काहिलीच्या आणि घोड्याच्या मिळून तीनशे बारा बाजू होत्या. सरांनी दिल्या होत्या तीनशे बारा, आणि सोडायची एकही नव्हती. सुकुमारने सकाळी नऊला सुरुवात केली. काहिलीचा तळ निवडला, काठ निवडला, कड्या निवडल्या. मग घोड्याचे पाय, तुळया, हुक, साखळीचा एकेक दुवा, नट, बोल्ट आणि नावाची पट्टी. जेवणाचा डबासुद्धा एका हाताने खाल्ला. संध्याकाळी पाचला तीनशे बारावी बाजू झाली तेव्हा त्याचं बोट सुजलं होतं, पण कामात खोट नव्हती. कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मळणी मशीनसारखा घरघरत होता.

चित्र लालभडक आलं. हुक वितळला होता, साखळी ओघळली होती आणि घोड्याने चारही पाय पसरले होते.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "हा घोडा तू ठेवलास कुठे?"

"जाळात, सर."

"सगळा?"

"सगळा. एकसुद्धा सोडायचं नाही म्हणालात."

सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. हंगाम तोंडावर आला होता. खाली रस्त्यावरून पॉलिटेक्निकची बस गेली, आणि सरांना उगाच वाटलं की तिने त्यांच्यासमोर येऊन वेग कमी केला. ते परत आले, खुर्ची ओढून सुकुमारशेजारी बसले आणि लहान मुलाला शिकवावं तसं सांगायला लागले.

"हे बघ. ज्याच्याशी आपलं काम आहे तेवढंच समोर ठेवायचं. बाकीचं लपवायचं. हे बटण दाबलं की लपतं. लपवलेलं कामाच्या आड येत नाही. आणि काम झालं की हे दाबायचं, म्हणजे सगळं परत दिसायला लागतं. काही हरवत नाही, काही मोडत नाही. समजलं?"

"समजलं, सर."

आणि नवल बघा. सुकुमारने घोडा लपवला, कड्या लपवल्या, उरला तो काहिलीचा तळ. तेवढाच निवडला, गणित लावलं, आणि चित्र आलं निळं. सरांनी या वेळी फिरवून फिरवून बघितलं. खरोखरीचं निळं होतं. ते इतके खूश झाले की त्यांनी त्याच दिवशी खोतांना निरोप धाडला, की तुमचे ते बाकीचे अकरा गुऱ्हाळवाले घेऊन या, त्यांनाही दाखवतो.

माझं ऐकाल तर माणसाने एवढं खूश होऊ नये.

ठरल्या दिवशी दुपारी सर भडंग आणायला चौकात गेले. तेवढ्यात पाहुणे आले. परत येऊन बघतात तर ऑफिसात खोत एकटेच बसलेले, आणि समोर सुकुमार हात बांधून उभा.

"बाकीचे आले नाहीत?" सरांनी विचारलं.

"आले ना, सर," सुकुमार म्हणाला. "लपवलेत."

सरांच्या हातातलं भडंग सांडलं.

"पहिली ऑर्डर खोत साहेबांची आहे. म्हणजे काम त्यांच्याशी. बाकीच्यांना म्हटलं, खाली चला. ते आले. खताच्या गोदामात आहेत. शटर ओढलंय. काम झालं की परत दाखवतो."

"मला वाटलं त्यास्नी घोडा दावाय नेलंय," खोत म्हणाले.

शटर वर गेलं तेव्हा युरियाच्या पोत्यांमधून अकरा माणसं बाहेर आली. त्यांतले बाळगोंडा आण्णा वयाने सगळ्यांत मोठे, पंचक्रोशीत शब्दाला वजन असलेले. ते एकसारखे शिंकत होते. आल्या पावली सगळे निघाले असते, पण खोतांना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी सगळ्यांना वर नेलं, पडद्यावरचा घोडा दाखवला आणि मग एकदम गंभीर होऊन आपल्या गुळव्याचे पाय कसे भाजले होते ते सांगितलं. गुऱ्हाळवाले पडद्याजवळ सरकले. प्रत्येकाच्या गुऱ्हाळात एक गुळव्या होता आणि त्याला दोन पाय होते.

बाळगोंडा आण्णांनी नाक पुसलं. "बारा घोडं करा. आमचा हंगाम एकाच दिशी सुरू हुतो, दुपारी बाराच्या मुहूर्तावर. पर एक ध्यानात ठेवा. मुहूर्ताला बारातला एक जरी घोडा उभा नसला, तर बाराच्या बारा परत. आमी परत बांबूवर जाऊ आणि तुमी बी जिथनं आलाय तिकडं जावा."

पाहुणे गेल्यावर सरांनी सुकुमारला समोर बसवलं. ओरडायचं त्यांनी सोडून दिलं होतं. "माणसं लपवायची नसतात रे. ते बारा जण एका कामाला आले, म्हणजे तो एक गट झाला. गटात लहान-मोठं करायचं नाही. एकाला जे, ते सगळ्यांना. सॉफ्टवेअरमध्येसुद्धा तसंच असतं. एकसारख्या बाजूंचा गट करायचा, त्याला एक नाव द्यायचं, मग एकाला जे करशील ते गटातल्या सगळ्यांना आपोआप होतं. समजलं?"

"समजलं, सर," सुकुमार म्हणाला. या वेळी त्याचे डोळे चमकले. इतकी सुंदर गोष्ट त्याला आजवर कुणी सांगितली नव्हती.

आणि खरंच सांगतो, पुढचे दोन महिने दृष्ट लागावी असे गेले. सुकुमारने बारा घोड्यांच्या पायांचे गट केले. मागचे डावे पाय एका गटात, पुढचे उजवे पाय एका गटात. एका पायाची जाडी वाढवली की बारांची वाढायची. सर येता-जाता त्याची पाठ थोपटायचे. महाबूब मिस्त्रींनी बारा घोडे केले, पुरुषभर उंचीच्या वर, आणि बारा गुऱ्हाळांत नेऊन चुलाणांवर उभे केले. गावोगाव शेडबाळे सरांचं नाव झालं.

ते नाव पॉलिटेक्निकपर्यंत पोहोचलं. प्राचार्यांनी पत्र पाठवलं, की 'यशस्वी उद्योजक आपल्या भेटीला' या कार्यक्रमात आपण विद्यार्थ्यांशी बोलावं. विषय होता, हाताखालच्या माणसांकडून काम कसं करून घ्यावं. तारीख नेमकी मुहूर्ताची. सरांनी ते पत्र तीनदा वाचलं. फळ्यासमोर उभं राहायचं होतं, पण पाहुणा म्हणून. त्यांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

मुहूर्ताच्या दिवशी सकाळी आठला खोतांचा फोन आला. "शेडबाळे, घोड्याचा एक पाय जरा हलाय लागलाय. पुढचा उजवा. भोक सैल झालंय वाटतं. बाराच्या आत बघा कायतरी."

सर गाडीत बसतच होते. ते घाबरले नाहीत. वेळ भरपूर होता. त्यांनी सुकुमारला फोन लावला आणि सावकाश, एकेक शब्द तोलून सांगितलं, "खोतांच्या घोड्याचा पुढचा उजवा पाय हलतोय. टेम्पो घे, पाना घे. तो पाय काढ आणि थेट पॉलिटेक्निकवर घेऊन ये. तिथल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त करून लगेच परत पाठवू. समजलं?"

"समजलं, सर."

साडेनऊ झाले, टेम्पो आला नाही. दहा झाले. सर फोन लावत होते, सुकुमार उचलत नव्हता. सरांनी त्याला एकदा सांगितलं होतं, काम चालू असताना फोन घ्यायचा नाही. अकराला कार्यक्रम सुरू झाला. हार घातला गेला. प्राचार्य पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले. सर बोलायला उभे राहिले, एक डोळा खिडकीकडे.

"सूचना एकदाच द्यावी," सर म्हणाले, "पण अशी द्यावी की समोरच्याला तिचा दुसरा अर्थच काढता येऊ नये."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पावणेबारा वाजले होते. टेम्पो फाटकातून आत आला आणि खिडकीखाली उभा राहिला. भाषण तिथेच टाकून सर बाहेर धावले. मागोमाग प्राचार्य, आणि प्राचार्यांमागे सगळी मुलं. टेम्पोत लोखंडी पायांची रास होती. सुकुमार घामाने निथळत खाली उतरला.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"पुढचे उजवे पाय, सर."

"किती?"

"अकरा."

"मी एक सांगितला होता."

"एकच सांगितलात, सर. पण गट आहे ना. एकाला जे, ते सगळ्यांना," सुकुमार म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये आपोआप होतं, इथे पान्याने करावं लागलं. कुठे पडापडी नको म्हणून सगळीकडे बांबूचा टेकू लावून आलोय. लोकांनी पण फार मदत केली. बाळगोंडा आण्णा म्हणाले, आमचा तर घट्ट हाय की. मी म्हटलं, होय आण्णा, तुमचा सगळ्यांत घट्ट आहे. पण तुम्ही गटात आहात. सरांचा शब्द म्हटल्यावर ऐकलं बिचाऱ्यांनी."

सरांनी पाय मोजले. पुन्हा मोजले. बुडत्या माणसाने करावी तशी त्यांनी धडपड केली. "गुऱ्हाळं बारा आहेत. पाय अकरा. एक कुठला राहिला?"

"तेवढी चूक झाली, सर," सुकुमारने मान खाली घातली. "खोत साहेबांचा राहिला. त्यांचं गुऱ्हाळ शेवटी लागतं. मी पोहोचायच्या आत त्यांनी महाबूब चाचांना बोलावून वायसर घातला आणि वेल्डिंग मारून घेतलं. पाच मिनिटांचं काम होतं म्हणे. मग तो पाय काही केल्या निघेना. पण बाकीचे सगळे व्यवस्थित निघाले."

सरांच्या खिशातला फोन वाजायला लागला. वर बाळगोंडा आण्णांचं नाव होतं. थांबला, परत वाजला, आता दुसरं नाव होतं, मग तिसरं. सरांनी एकही उचलला नाही. त्यांना रडू येत होतं, पण दोनशे मुलांसमोर रडता येत नाही, एवढं त्यांना पंधरा वर्षांच्या नोकरीतून ठाऊक होतं.

प्राचार्य हळूच त्यांच्या जवळ आले. "सोमवारी सकाळचा पहिला तास रिकामाच आहे," ते म्हणाले. "या."

पॉलिटेक्निक टेकाडावर होतं. तिथून नदीकाठ लांबपर्यंत दिसायचा. बाराचा भोंगा झाला तेव्हा सगळी मुलं तिकडेच बघत होती. ऊस तुटला होता, गडी जमले होते, बारा चुलाणांत जाळायला उसाचं चिपाड भरून तयार होतं. धूर निघाला तो एकाच गुऱ्हाळातून. ज्यांच्या घोड्याचा पाय हलत होता, त्या खोतांच्या.